३६ टक्क्यांचा गार्ड आणि ६० टक्क्यांचा सेंटर : कामानुसार टक्का कसा जोखायचा?

गोदाकाठचा_पॉइंट
नाशिक जिल्हा पातळीवरच्या अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बास्केटबॉल संघासाठी विचारतोय. वाद दर मोसमात तोच असतो. गार्ड (बॉल वर आणणारा) ‘फुकट शॉट मारतो’ आणि सेंटरला (रिंगजवळ खेळणाऱ्याला) ‘बॉलच मिळत नाही’. कठड्यावर बसलेले पालक टक्के सांगून निकालही देऊन टाकतात.

खालचे आकडे उदाहरणासाठी बनवलेले आहेत, कोणा एका मुलाचे नाहीत. सहा सामने, प्रत्येकी ४० मिनिटांचे.

गार्ड : १८० मिनिटं. दोन गुणांचे शॉट ५६ पैकी २२, तीनचे ४० पैकी १३, फ्री थ्रो (फाऊलनंतरचे एकेका गुणाचे मोकळे शॉट) ४० पैकी ३०, टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेले बॉल) २४. गुण ११३.
सेंटर : १५० मिनिटं. दोनचे ५० पैकी ३०, फ्री थ्रो २४ पैकी ९, टर्नओव्हर ८. गुण ६९.
अख्खा संघ : शॉट ३६०, फ्री थ्रो ११०, टर्नओव्हर ९६, गुण ३७०.

सरळ टक्का काढला तर गार्ड ३६.५ आणि सेंटर ६०. मग गार्डला बसवायचं का? बसवला तर बॉल वर आणणार कोण? वही, पेन आणि एक मोबाइल एवढ्यात भागेल अशी काही रीत सांगा.

मिसळीत_पाव_कमी
बसवा की. सेंटर रिंगजवळच्या पोस्टवरच उभा असतो, बॉल पोस्टाने पाठवा.

आकडेमोड
आधी तो ‘सरळ टक्का’ बाजूला ठेवा. त्यात तीनचा शॉट आणि दोनचा शॉट एकाच भावाने विकला जातो, आणि फ्री थ्रो तर हिशोबातच नाहीत. दोन्ही धरायचे तर ट्रू शूटिंग काढा :

गुण ÷ (२ × (शॉट + ०.४४ × फ्री थ्रो))

गार्ड : ११३ ÷ (२ × (९६ + १७.६)) = ४९.७ टक्के.
सेंटर : ६९ ÷ (२ × (५० + १०.५६)) = ५७ टक्के.
संघ : ३७० ÷ (२ × ४०८.४) = ४५.३ टक्के.

साडेतेवीस टक्क्यांचं अंतर सव्वासातावर आलं. शिवाय दोघेही संघाच्या सरासरीच्या वर आहेत. या दोघांना वगळून उरलेल्यांचं काढलं तर ४०.१ येतं. म्हणजे गार्डने शॉट सोडला की तो सेंटरलाच जाईल असं नाही, बहुतेक वेळा चाळीसवाल्यांकडे जाईल. पालकांना एवढं एक गणित दाखवलं तरी अर्धा गोंधळ मिटेल.

नवशिका_पंचवटी
०.४४ कुठून आलं? दोन फ्री थ्रो म्हणजे एक चढाई (बॉल हातात आल्यापासून जाईपर्यंतचा एक डाव), तर मग ०.५ हवं ना?

आकडेमोड
सगळे फ्री थ्रो जोडीनेच मिळाले असते तर ०.५ बरोबर होतं. पण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा थ्रो नवी चढाई खात नाही. टेक्निकल फाऊलचा (गैरवर्तनाबद्दलचा) थ्रोही खात नाही. तीनच्या शॉटवर फाऊल झाला तर तीन थ्रो एकाच चढाईत जातात. हे सगळं धरून एनबीए या अमेरिकन लीगच्या आकड्यांवर बसवलेला तो अंदाज आहे. छोट्या स्पर्धेत अंदाज कशाला, थ्रो मारायला किती खेपा गेला त्या मोजा. गार्डचे ४० थ्रो म्हणजे समजा १८ जोड्या आणि ४ जादा थ्रो, तर खेपा १८. सूत्राने १७.६ येतात. फरक किरकोळ आहे, पण ज्याला बास्केटसह फाऊल वारंवार मिळतो त्याच्यावर सूत्र अन्याय करतं.

सातपूर_झोन
ट्रू शूटिंगवर थांबू नका. त्यात टर्नओव्हर नाहीत आणि कोणी किती भार उचलला तेही नाही. त्यासाठी युसेज, म्हणजे खेळाडू मैदानावर असताना संघाच्या किती टक्के चढाया त्याच्या हातून संपल्या :

(शॉट + ०.४४ × फ्री थ्रो + टर्नओव्हर) × (संघाची मिनिटं ÷ ५) ÷ (त्याची मिनिटं × संघाची तीच बेरीज)

सहा सामन्यांची संघमिनिटं १२००, भागिले ५ म्हणजे २४०. संघाची बेरीज ३६० + ४८.४ + ९६ = ५०४.४.

गार्ड : १३७.६ × २४० ÷ (१८० × ५०४.४) = ३६.४ टक्के.
सेंटर : ६८.५६ × २४० ÷ (१५० × ५०४.४) = २१.७ टक्के.

पाच जणांत समान वाटणी झाली तर २० येतं. तुमचा सेंटर वाटणीपेक्षा जरा जास्तच वापरतोय, त्यामुळे ‘बॉल मिळत नाही’ ही तक्रार आकड्यात तरी टिकत नाही. गार्ड जवळजवळ दोघांचं काम करतोय. टर्नओव्हर धरून दर चढाईमागे गुण काढले तर गार्ड ०.८२, सेंटर १.०१, संघ ०.७३.

घोळ होतो तो मिनिटांत. कितव्या मिनिटाला कोण आत-बाहेर गेला हे अधिकृत कागदावर मिळत नाही, ते वेगळं टिपावं लागतं. मिनिटं चुकली की युसेज चार-पाच टक्क्यांनी सहज हलतो.

द्राक्षबाग_दिंडोरी
बास्केटबॉलमधलं फार कळत नाही, पण हे आमच्याकडे रोजचं आहे भो. वेलीवर घड जास्त ठेवले की साखर उतरते. विरळणी केली की ब्रिक्स (साखरेचं माप) चढतो, पण माल कमी निघतो. नुसता ब्रिक्स बघून कोणती वेल चांगली ते ठरत नाही, किती घड ठेवले होते हे आधी विचारावं लागतं.

सातपूर_झोन
@द्राक्षबाग_दिंडोरी, दंडवत! बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी ‘स्किल कर्व्ह’ नावाने हेच मांडलंय. भार वाढला की कार्यक्षमता उतरते, आणि ती किती उतरते हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

लेफ्ट_हँड_लेअप
ही वेल सगळीकडे चढवू नका. भार वाढला की टक्का पडतो हे एकाच खेळाडूबाबत बव्हंशी खरं. पण वेगवेगळे खेळाडू शेजारी ठेवले की उलटंही दिसतं, कारण जो चांगला मारतो त्यालाच बॉल दिला जातो. एनबीएचे मोसम बघा, कंसात त्या वर्षीची लीगची ट्रू शूटिंग सरासरी :

कोबी ब्रायंट, २००५-०६ : युसेज ३८.७, ट्रू शूटिंग ५५.९ (५३.६)
रसेल वेस्टब्रुक, २०१६-१७ : युसेज ४१.७, ट्रू शूटिंग ५५.४ (५५.२)
जेम्स हार्डन, २०१८-१९ : युसेज ४०.५, ट्रू शूटिंग ६१.६ (५६.०)
स्टीफन करी, २०१५-१६ : युसेज ३२.६, ट्रू शूटिंग ६६.९ (५४.१)

वेस्टब्रुक आणि हार्डन यांचा भार जवळपास सारखा. एक लीगच्या सरासरीवर, दुसरा साडेपाच टक्के वर. म्हणून ‘भार जास्त होता’ ही प्रत्येक वेळची सबब नाही. आणि कंसातला आकडा न बघता दोन काळांची तुलना करू नका. विल्ट चेंबरलेन १९६१-६२ मध्ये सामन्याला ५०.४ गुण काढत होता, त्याची ट्रू शूटिंग ५३.६. आज हा आकडा बेताचा वाटेल, पण त्या मोसमात सगळ्या लीगचा साधा फील्ड गोल टक्काच ४२.६ होता.

जुना_सेंटर
करीचं कौतुक झालं, आता आमच्या जातीचं बघा. रूडी गोबेअर, २०२१-२२, ट्रू शूटिंग ७३.२. लीगच्या सरासरीपेक्षा सोळाहून जास्त वर, म्हणजे करीच्याही पुढे. म्हणून तो करीपेक्षा मोठा नेमबाज आहे असं कोणी म्हणणार नाही. त्याचा युसेज वीसच्या खाली आहे आणि शॉट बहुतेक रिंगखालचे, दुसऱ्याने हातात आणून दिलेले.

पण उलटीही चूक करू नका. तो मोकळा शॉट आपोआप मिळत नाही. स्क्रीन लावायची (अंगाने बचाव करणाऱ्याची वाट अडवायची), वेळेवर वळायचं, बचाव करणाऱ्याला आत ओढायचं, आणि दहातल्या सात वेळा बॉल न मिळता परत पळायचं. याचा रकाना कुठल्याही सूत्रात नाही.

मिसळीत_पाव_कमी
सेंटर लोकांच्या व्यथेवर स्वतंत्र धागा काढा. हलके घ्या.

शिट्टीवाला
सूत्रं झाली. पण या सूत्रांना लागणारे आकडे आणणार कुठून, हे कोणी विचारलं नाही. फिबाच्या (बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या) अधिकृत स्कोअरशीटवर हुकलेला शॉट लिहितच नाहीत. धावत्या गुणांच्या रकान्यात बास्केट झाली की तिरकी रेघ, फ्री थ्रो गेला की भरीव ठिपका, तीनचा असेल तर जर्सी नंबराभोवती गोल. बस. हुकलेला फ्री थ्रोही तिथे नसतो. फाऊलच्या रकान्यात पी१, पी२, पी३ असं लिहिलेलं असतं, त्यावरून समोरच्या संघाला एकूण किती थ्रो मिळाले ते कळतं, पण मारले कोणी ते नाही. म्हणजे अधिकृत कागदावरून टक्का निघतच नाही. पालक कुठल्या कागदावरून ३६ आणि ६० काढतात, देव जाणे.

वेगळा कागद ठेवा. दोन माणसं लागतात, एक बघून बोलणारा, एक लिहिणारा. बघणाऱ्याने मान खाली घालायची नाही. एका शॉटला एक ओळ : क्वार्टर, जर्सी, दोन की तीन, शॉट कसा आला याचं अक्षर, शॉटचं २४ सेकंदांचं घड्याळ संपायला ५ सेकंदांहून कमी उरले होते का, गेला की हुकला, पास कोणाचा. अक्षरं सहाच ठेवा. प = पास घेऊन लगेच, ड = ड्रिबल करून स्वतः, क = कट किंवा रोल करताना (रिंगकडे धाव घेताना) मिळालेला, र = आक्रमक रिबाउंडवरून (आपल्याच संघाचा हुकलेला बॉल परत मिळवून), ध = धावत्या हल्ल्यात, पा = रिंगकडे पाठ करून. दहा-बारा अक्षरं केली की तिसऱ्या क्वार्टरला लिहिणारा गांगरतो आणि सगळ्यालाच ‘ड’ लावून मोकळा होतो.

हमखास चुकणाऱ्या गोष्टी :
शॉटवर फाऊल झाला आणि बॉल हुकला, तर तो शॉट मोजायचा नाही, फक्त थ्रो मोजायचे. बास्केट झाली तर मोजायचा.
ब्लॉक झालेला शॉट हा शॉटच.
टिप मारून परत टाकायचा प्रयत्न हा नवा शॉट. नुसता हात लागून बॉल उडाला तर नाही.
क्वार्टर संपताना अर्ध्या मैदानावरून भिरकावलेले वेगळे काढा, ते बिचाऱ्या गार्डच्याच खात्यात पडतात. एनबीएनेही २०२५-२६ पासून असले हुकलेले शॉट खेळाडूऐवजी संघाच्या नावावर टाकायला सुरुवात केलीय.

नवशिका_पंचवटी
मोबाइलवर शूट करून नंतर बसून लिहिलं तर?

शिट्टीवाला
उत्तम, पण कॅमेरा मध्यरेषेच्या समोर आणि उंचावर हवा. बेसलाइनच्या मागून घेतलात तर पाय तीनच्या रेषेवर होता की मागे ते दिसत नाही. उघड्या सिमेंटच्या कोर्टावर दुपारच्या सामन्याला पश्चिमेकडे तोंड करून लावू नका, चारनंतर नुसत्या सावल्या दिसतात. आणि स्कोअरबोर्ड चौकटीत येत नसेल तर प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला गुण मोठ्याने बोला, नंतर जुळवताना उपयोगी पडतं.

३x३_वाला
अवांतर : ३x३ ला (तिघा-तिघांच्या खेळाला) हे सूत्र जसंच्या तसं लावू नका. तिथे आतला शॉट १ आणि कमानीबाहेरचा २, म्हणजे बाहेरचा दीडपट नव्हे, दुप्पट. पाचच्या खेळात आतून ५० टक्के असेल तर बाहेरून ३३ पुरतात, इथे २५ पुरतात. आतल्या शॉटवरच्या फाऊलला एरवी एकच थ्रो मिळतो, म्हणून ०.४४ चालतच नाही. जादा थ्रो वगळले तर बहुतेक वेळा एक थ्रो म्हणजे एक खेप. आणि १२ सेकंदांच्या घड्याळात ‘शेवटच्या ५ सेकंदांतला शॉट’ म्हणजे जवळजवळ अर्धा खेळ.

सातपूर_झोन
अवांतर नाही हो, घड्याळाचाच मुद्दा मोठा आहे. शिट्टीवाल्यांच्या कागदावरून खरी रीत इथे सुरू होते. दोन्ही संघांचे, सगळ्या सामन्यांचे शॉट एकत्र करा आणि प्रकारानुसार दर शॉटमागे सरासरी गुण काढा. ५ सेकंदांच्या आतला शॉट कुठल्याही प्रकारचा असो, त्याचा वेगळा गट. समजा आकडे असे आले :

घड्याळ संपतानाचे ०.४५, ड्रिबल करून ०.७०, पास घेऊन ०.८५, धावत्या हल्ल्यात १.१०, रोल/कट १.१५, रिबाउंडवरून १.१०, पाठ करून ०.७५.

गार्डचे ९६ शॉट : संपतानाचे २६, ड्रिबल ३०, पास १४, धावते २६. सरासरी खेळाडूने याच शॉटवर ११.७ + २१ + ११.९ + २८.६ = ७३.२ गुण केले असते. गार्डने थ्रो सोडून ८३ केले. अधिक ९.८.

सेंटरचे ५० : संपतानाचे २, रोल/कट २८, रिबाउंड १२, पाठ करून ८. अपेक्षित ०.९ + ३२.२ + १३.२ + ६ = ५२.३. त्याने ६० केले. अधिक ७.७.

आता फ्री थ्रो. स्पर्धेची सरासरी ५५ टक्के धरा. गार्ड ४० मध्ये ३०, अपेक्षा २२, अधिक ८. सेंटर २४ मध्ये ९, अपेक्षा १३.२, उणे ४.२.

बेरीज : गार्ड +१७.८, सेंटर +३.५. कामानुसार मोजलं की क्रम उलटला.

गोदाकाठचा_पॉइंट
थांबा. आधी नुसत्या संघाच्या ट्रू शूटिंगशी तुलना करून मी काढलं होतं, तर सेंटर +१४ आणि गार्ड +१० येत होते. मग खरं काय?

सातपूर_झोन
दोन्ही खरी आहेत, प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यात सेंटरच्या रिंगखालच्या शॉटची तुलना गार्डने २३व्या सेकंदाला मारलेल्या शॉटशी होते. दुसऱ्यात ज्याची त्याच्या कामाशी. संघाला गुण कुठून मिळतात हे बघायचं तर पहिलं, मुलगा आपलं काम कसं करतो हे बघायचं तर दुसरं.

जुना_सेंटर
आणि दुसऱ्या पद्धतीत आमचा गळा कापला गेला! २८ वेळा रोल करून मोकळं होणं हेच सेंटरचं काम. ते तुम्ही ‘अपेक्षित’ म्हणून आधीच वजा करता आणि मग विचारता, याने जादा काय केलं?

लेफ्ट_हँड_लेअप
जुना_सेंटर यांचा मुद्दा मान्य. म्हणून ‘अपेक्षित’चा रकाना फेकू नका, तोही छापा. दर शॉटमागे अपेक्षित गुण : सेंटर १.०५, गार्ड ०.७६. हा शॉटचा दर्जा. सेंटरला दर्जेदार शॉट मिळतात, त्याचं श्रेय त्याच्या स्क्रीनला आणि पास देणाऱ्याला. पासच्या रकान्यात कोणाची जर्सी येते ते बघा, २८ पैकी निम्म्याहून जास्त गार्डचीच निघाली तर वादच संपला. गार्डच्या ०.७६ मध्येही दोन भाग आहेत. घड्याळ संपताना गळ्यात पडलेले २६, त्यात त्याचा दोष नाही. पण ड्रिबल करून मारलेले ३० त्याने स्वतः निवडलेत. तिथे ‘फुकट शॉट’ म्हणणाऱ्यांचं थोडं ऐकायला हरकत नाही.

आकडेमोड
एक पाणी ओततो. ४० तीनपैकी १३ म्हणजे ३२.५ टक्के, पण एवढ्या थोड्या प्रयत्नांत नुसत्या योगायोगाने साडेसात टक्के इकडे-तिकडे होतात. तो २५ चा असू शकतो आणि ४० चाही. सेंटरच्या २४ थ्रोवर तर दहा टक्क्यांचा झोल आहे. सहा सामन्यांवरून कोणाला बसवू नका. शॉट कुठून आले, पास कोणाचा, घड्याळ किती, या गोष्टी मात्र सहा सामन्यांतही बऱ्यापैकी स्थिर असतात. त्यांच्यावर आधी बोला.

जुना_सेंटर
थ्रोबद्दल मात्र वकिली करत नाही. डीअँड्रे जॉर्डन, २०१४-१५ : फील्ड गोल ७१ टक्के, फ्री थ्रो ३९.७. ट्रू शूटिंग उतरून ६३.८ वर आली. समोरचे मुद्दाम फाऊल करून धरायचे, कारण त्याच्या दोन थ्रोंतून सरासरी ०.७९ गुण यायचे, एरवी लीगमध्ये एका चढाईला एकाहून जास्त. तुमच्या सेंटरच्या जोडीतून ०.७५ येतात. अर्थात तुमच्या संघाची चढाईच ०.७३ ची आहे, म्हणून अजून कोणाला धरायचं सुचलं नसेल. चांगल्या संघाशी पडलात की सुचेल.

मिसळीत_पाव_कमी
थोडक्यात, पालकांच्या ६० टक्क्यांच्या हिऱ्याला रोज शंभर फ्री थ्रो.

आकडेमोड
शंभर सलग नको, तसे सामन्यात मिळत नाहीत. दोन मारा, एक फेरी पळा, परत दोन. दमलेल्या पायांनी गेले तेवढेच लिहा.

गोदाकाठचा_पॉइंट
ठरलं. रविवारच्या सामन्यापासून सहा अक्षरांचा कागद, दोन्ही संघांचा. बोलणारा आणि लिहिणारा मिळाले. अडचण एकच, कोर्टावर २४ सेकंदांचं घड्याळ नाही.

शिट्टीवाला
मग समोरच्या प्रशिक्षकाशी आधीच बोलून टेबलावर मोबाइलचं लावा. रिंगला लागून रिबाउंड आपल्याच संघाला मिळाला तर २४ नव्हे, १४ ला आणायचं, तिथेच सगळे चुकतात. आणि बोलणारा माणूस पालकांपैकी घेऊ नका.

गोदाकाठचा_पॉइंट
सेंटरचे काका आहेत.

शिट्टीवाला
मग त्यांना घड्याळावर बसवा.